प्रेस कार्ड नाही, म्हणून कॅमेरा खाली ठेवायचा का?

प्रश्न : मी नागपूरला मानेवाड्यात राहते, वय २६. तीन वर्षांपासून एका दैनिकाला आणि एका न्यूज पोर्टलला फोटो देते. नेमणूकपत्र कुणाचंच नाही, फोटो लागला की पैसे. गेल्या महिन्यात संविधान चौकात धरणं होतं, तिथे लाठीमार सुरू झाला. मी फुटपाथवरून फोटो काढत होते. एका पोलीस अधिकाऱ्यांनी कॅमेरा हातातून घेतला आणि सरकारी कार्ड मागितलं. पोर्टलचं कार्ड दाखवलं, तर 'हे चालत नाही' म्हणाले आणि समोर उभं राहून फोटो डिलीट करायला लावले. आता एक संघटना पाच हजार रुपयांत 'अखिल भारतीय' प्रेस कार्ड आणि गाडीला स्टिकर देते म्हणतेय. घेऊ का? खरं कार्ड कसं मिळतं? डिसेंबरात अधिवेशन आहे, तेव्हा पुन्हा असं झालं तर काय करू? घरचे म्हणतात, हे सोड आणि लग्नाच्या ऑर्डरी घे.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर :

ताई, कायद्याचं नंतर बोलू. त्या दिवशीचं मेमरी कार्ड अजून कॅमेऱ्यात असेल तर आधी ते बाहेर काढा. डिलीट केलेला फोटो लगेच पुसला जात नाही. कार्डाच्या यादीतली त्याची नोंद तेवढी जाते आणि जागा मोकळी दिसायला लागते. त्या जागेवर नवा फोटो लिहिला गेला की जुना खरोखर जातो. त्यामुळे त्या कार्डावर महिनाभर काम केलं असेल तर आशा कमी आहे, बाजूला ठेवलं असेल तर बरीच आहे. एसडी कार्ड असेल तर कडेची बारीक खिट्टी 'लॉक'वर सरकवा. फॉरमॅट करू नका, आणि कॅमेऱ्याने 'कार्ड दुरुस्त करू का' असं विचारलं तर नाही म्हणा. कार्ड रीडरने संगणकाला जोडून आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी इमेज फाइल (फोटो नव्हे, अख्ख्या कार्डाची नक्कल) बनवा आणि त्या इमेजवर फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेले फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवा, त्याच कार्डावर कधीच नाही. फाइलींची मूळ नावं जातील, पण फोटोच्या आत नोंदलेली तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं मॉडेल बहुतेक वेळा शाबूत मिळतं. मूळ कार्ड पाकिटात घाला, पाकिटावर तारीख आणि सही टाका. पुढे तक्रार न्यायालयात गेलीच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागेल आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, द्यावी लागते. म्हणून फाइली उतरवल्या त्याच दिवशी एसएचए-२५६ हॅश काढून लिहून ठेवा.

आता त्या अधिकाऱ्यांनी मागितलेल्या कार्डाबद्दल. संविधान चौक सार्वजनिक जागा आहे. तिथे उभं राहून फोटो काढायला सरकारी कार्ड लागतं असा कोणताही कायदा नाही. आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी वेगळं कलमच नाही. पत्रकाराचं स्वातंत्र्य कलम १९(१)(क) मधून येतं आणि ते कलम प्रत्येक नागरिकाचं आहे. त्याला मर्यादा घालायची असेल तर ती १९(२) मधल्या कारणांसाठी, वाजवी आणि कायद्याने घातलेली असावी लागते. अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून ती लागू होत नाही. सरकारी अधिस्वीकृतीने, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारने दिलेल्या मान्यतेने, दारं उघडतात: विधानभवन, मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा, बंदोबस्तातले सरकारी कार्यक्रम. रस्त्यावरचा हक्क ती देत नाही, म्हणून ती नसल्याने तो जातही नाही.

डिलीट करायला लावणं तर पूर्णपणे अधिकाराबाहेरचं होतं. फोटो गुन्ह्याशी संबंधित वाटले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना वस्तू जप्त करता येते. ती जप्ती पंचनाम्याने, कलम १०५ प्रमाणे चित्रीकरण करून आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून व्हायला हवी. ठरावीक दस्तऐवज किंवा फाइल हवी असेल तर कलम ९४ खाली लेखी मागणी करता येते. म्हणजे कायद्याने त्यांना पुरावा ताब्यात घेता येतो. तो नष्ट करण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही कलमाने दिलेला नाही.

तरीही पोलिसांना मर्यादा घालता येतातच, हे तितकंच नीट समजून घ्या. त्याच संहितेच्या कलम १६३ चा मनाई आदेश, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा आदेश, किंवा 'इथून मागे सरका' ही बंदोबस्तातली सूचना तुम्हालाही लागू असते. मार्च २०२५ मध्ये महाल भागात संचारबंदी लागली होती. तशा वेळी गळ्यातलं कार्ड पुरत नाही, हद्दीत फिरण्याची वेगळी परवानगी लागते. जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे 'आदेश आहे' असं कुणी म्हटलं तर 'साहेब, आदेशाची प्रत कुठे पाहायला मिळेल' हा प्रश्न अगदी रास्त आहे, फक्त तो शांत आवाजात विचारायचा.

पाच हजारांचं कार्ड घेऊ नका. संघटना सभासदत्वाचं ओळखपत्र देऊ शकते. पत्रकारितेचा परवाना देणारी अशी संस्था या देशात नाही. 'मानवाधिकार', 'क्राइम', 'अखिल भारतीय' अशा शब्दांनी आणि तिरंगी पट्टीने सजलेली कार्डं बंदोबस्तावरचे पोलीस रोज पाहतात, आणि ती दाखवणाऱ्याविषयी त्यांचा संशय वाढतो. 'आमचं पोर्टल आरएनआय (वृत्तपत्र निबंधक) नोंदणीकृत आहे' असं सांगत असतील तर तेही तपासा. मार्च २०२४ पासून १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा आला, आणि तो छापील नियतकालिकांसाठी आहे, वेब पोर्टलसाठी नाही. स्टिकरचंही तेच. नंबरप्लेटवर क्रमांकाशिवाय काहीही लिहिणं मोटार वाहन नियमांच्या विरुद्ध आहे. शिवाय जमाव बिथरला की 'प्रेस' लिहिलेली गाडी आधी फुटते.

खरं कार्ड म्हणजे राज्य सरकारची अधिस्वीकृती पत्रिका. माहिती व जनसंपर्क महासंचालनालय ती देतं. अर्ज सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा माहिती कार्यालयात करायचा. तो विभागीय अधिस्वीकृती समितीपुढे आणि मग राज्य समितीपुढे जातो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. छायाचित्रकारही यात बसतात. पण अर्ज बहुधा संपादकांमार्फत जातो आणि प्रत्येक दैनिकाचा कोटा ठरलेला असतो, त्यामुळे स्ट्रिंगरचा, म्हणजे तुमच्यासारखा नेमणुकीविना कामागणिक पैसे घेणाऱ्याचा, नंबर शेवटी लागतो. मुक्त पत्रकारांसाठी वेगळा वर्ग आहे, त्याच्या अनुभवाच्या अटी जास्त कडक आहेत. अर्जाचा चालू नमुना आणि अटींची प्रत कार्यालयातूनच घ्या, मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. केंद्र सरकारची पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) अधिस्वीकृती हा वेगळा मामला आहे. तिच्या २०२२ च्या नियमांत मुक्त पत्रकाराला १५ वर्षांचा अनुभव मागितला आहे, तिचा विचार आज करू नका.

राज्याच्या अर्जात छायाचित्रकारांचं घोडं अडतं ते एका ओळीवर. फोटोखाली 'छाया : प्रतिनिधी' किंवा नुसतं दैनिकाचं नाव छापलेलं असतं. तीन वर्षांत तुमचे शेकडो फोटो लागले असतील, पण नावासह किती? समितीला कात्रणात नाव दिसावं लागतं. आजपासून फोटो पाठवताना आयपीटीसी मेटाडेटामध्ये (फोटोच्या फाइलमधले माहितीचे रकाने) नाव, ठिकाण, तारीख आणि दोन ओळींची ओळख भरा, आणि वृत्तसंपादकांना श्रेयओळीत नाव द्यायला सांगा. हे मागायला संकोच वाटतो, ठाऊक आहे. पण ती तुमच्या मेहनतीची नोंद आहे, मागाच. छापून आलेल्या पानाचा ई-पेपरमधला पूर्ण पानाचा फोटो तारखेसह जपा आणि मानधन रोखीऐवजी बँकेत घ्या. रोख पैशांचा मागमूस राहत नाही, मग 'पत्रकारितेवर उपजीविका' दाखवायची कशाने?

ही कागदपत्रं नुसती कार्डासाठी नाहीत. पुलवामातला तरुण छायाचित्रकार कामरान युसूफ स्ट्रिंगर म्हणूनच काम करायचा. सप्टेंबर २०१७ मध्ये एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणा) त्याला अटक केली. तो खरा पत्रकार नाही, कारण सरकारी विकासकामं, शाळा-दवाखान्यांची उद्घाटनं असं काही त्याने टिपलेलं नाही, असा मुद्दा आरोपपत्रात होता. मार्च २०१८ मध्ये त्याला जामीन मिळाला आणि मार्च २०२२ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोपमुक्त केलं. मधली वर्षं गेली ती गेलीच. सरकारी कार्यक्रमांचे फोटो काढणाराच पत्रकार, ही व्याख्या कुणीही मान्य करू नये. पण स्ट्रिंगरपाशी कागद नसला की असे प्रश्न उभे करणं सोपं होतं, हेही खरं.

म्हणून अधिवेशनाआधीचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे दैनिकाकडून पत्र मिळवणं. दोन पत्रं मागा. पहिलं वर्षभराचं, 'या आमच्यासाठी कंत्राटी वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करतात' असं. दुसरं त्या-त्या कामाचं: लेटरहेडवर तुमचं नाव, तारखा, ठिकाण, विषय, संपादकांची सही-शिक्का आणि रात्री दहा वाजताही उचलला जाईल असा एक मोबाईल क्रमांक. हा क्रमांक सगळ्यात कामाचा, कारण चौकातला अधिकारी पत्र वाचत बसत नाही, तो फोन लावून विचारतो. पहिल्या पत्रात 'कंत्राटी' हा शब्द मुद्दाम सांगतोय. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे. त्यात हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय कॅमेऱ्याची भरपाई आणि उपचाराचा खर्च आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली होत नाही. वृत्तछायाचित्रकार त्यात नावानिशी आहेत, पण नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने माध्यम संस्थेत काम करणाऱ्यांनाच तो लागू होतो. तुमच्यापाशी आज पोर्टलच्या कार्डाखेरीज एकही कागद नाही, म्हणजे उद्या कुणी कॅमेरा फोडला तर हा कायदा तुमच्या हाताशी आल्यासारखा दिसेल आणि निसटेल. दैनिक पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर ईमेलवर निदान 'उद्या टेकडी रोडच्या मोर्चाचे फोटो पाठवा' एवढा मजकूर त्यांच्याकडून येऊ द्या. फोनवर काम सांगितलं तर तुम्हीच लगेच उलट मेसेज टाका: 'ठरल्याप्रमाणे उद्या सकाळी ११ ला पोचते.' त्यावरचं 'ओके' हाही कागदच.

अधिवेशनाचे पास वेगळे. विधानभवनाच्या आवारात शिरायला विधानमंडळ सचिवालयाचा पास लागतो आणि माध्यमांची नावं माहिती खात्यामार्फत जातात. नोव्हेंबरातच दैनिकाच्या यादीत तुमचं नाव आहे का ते विचारा, अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही. पास मिळाला तरी कॅमेरा पायऱ्यांपर्यंत आणि नेमून दिलेल्या जागेपर्यंतच. सभागृहात परवानगीविना फोटो काढला तर हक्कभंगाचं प्रकरण होऊ शकतं. मोर्चे मात्र बाहेर अडवले जातात, टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉईंट, झिरो माईल या भागात, आणि तिथे पास लागत नाही.

तिथे उभं कुठे राहायचं, यावर नवे छायाचित्रकार पुरेसा विचार करत नाहीत. पोलिसांची रांग आणि जमाव यांच्या मधोमध जाऊ नका, रांगेच्या टोकाला, तिरक्या कोनात उभं राहा. दोन्ही चेहरे मिळतात आणि लाठी फिरली तर बाजूला निघता येतं. बॅरिकेडला पाठ किंवा छाती टेकवून उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच भागात गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. मागचा रेटा वाढतो तेव्हा पुढच्याला हलायला जागा उरत नाही. पोचल्यावर पहिली पाच मिनिटं फोटो न काढता बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवा. अश्रुधूर असेल तर वाऱ्याकडे तोंड करून धुराच्या मागच्या बाजूला जा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. ओळखपत्राची दोरी झटका बसला की सुटणारी घ्या, साधी दोरी कुणी ओढली तर गळ्याला फास बसतो. बंदोबस्ताचे प्रमुख कोण आहेत ते पाहून आधीच नमस्कार करा, नाव आणि दैनिक सांगा, 'कुठे उभी राहू?' विचारा. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

कॅमेऱ्यात दोन स्लॉट असतील तर दुसरा 'बॅकअप'वर लावा. बरेच जण तो 'ओव्हरफ्लो'वर ठेवतात, म्हणजे पहिलं कार्ड भरल्यावरच दुसरं चालू होतं आणि दुसरी प्रत तयारच होत नाही. एकच स्लॉट असेल तर १२८ जीबीच्या एका कार्डाऐवजी ३२ जीबीची चार घ्या, महत्त्वाचं काही मिळालं की कार्ड बदला आणि भरलेलं कॅमेऱ्याच्या बॅगेत न ठेवता अंगावर ठेवा. दर अर्ध्या तासाला चार-पाच निवडक जेपीईजी वायफायने मोबाईलवर आणि तिथून ऑफिसला. कॅमेऱ्याचं घड्याळ सकाळी मोबाईलशी जुळवा. घटनाक्रमावर वाद झाला तर मिनिटांना किंमत असते. मोबाईलचं बोट आणि चेहऱ्याचं लॉक त्या दिवशी बंद करून सहा आकडी पिन ठेवा.

आणि कॅमेरा कुणी धरलाच तर? ओढाताण नको. अधिकाऱ्याच्या अंगाला धक्का लागला की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, मग मूळ विषय बाजूला राहतो. सांगायचं एवढंच: 'साहेब, मी अमुक दैनिकासाठी काम करतेय, हे पत्र, हा संपादकांचा नंबर. जप्त करायचा असेल तर पंचनामा करून पावती द्या. डिलीट मी करणार नाही.' आवाज खाली, हात दिसतील असे. पावतीत मॉडेल, सिरियल नंबर आणि आत कार्ड किती ते लिहून घ्या. म्हणून सिरियल नंबर आधीच पाठ किंवा फोनमध्ये हवा. जप्त कॅमेरा सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मागता येतो, त्यासाठी वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करायचा. दबाव फारच वाढला आणि डिलीट करावंच लागलं, तर करा. जिवापेक्षा फोटो मोठा नाही, आणि तो परत कसा काढायचा ते वर सांगितलंच आहे. पत्रकारांची उपकरणं जप्त करणं ही गंभीर बाब आहे आणि त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला सुनावलं आहे. वकिलाला त्याचा उपयोग होईल.

ठाण्यात नेलं तर अटक आहे की नाही, हे पहिलं विचारा. अटक असेल तर कारण सांगणं, नातेवाइकांना कळवणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अपवादात्मक परिस्थितीतच अटक करता येते, तीही न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि महिला अधिकाऱ्याकडून. ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपिते कायदा लावतात कधी कधी. वर्ध्याच्या अशाच प्रकरणात आपल्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की पोलीस ठाणं त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. अंबाझरीची आयुध निर्माणी, वायुसेनानगर, बर्डीचा किल्ला यांच्या बाबतीत मात्र ही सूट गृहीत धरू नका, तिथे कॅमेरा परवानगीनेच.

गेल्या महिन्याच्या प्रसंगाची तक्रार अजून करता येते, आणि करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आज रात्रीच सगळं लिहून काढा: वेळ, जागा, अधिकाऱ्यांच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव, जवळ कोण होतं, कोण काय बोललं. विशेषणं नकोत. ते पोलीस आयुक्तांना लेखी द्या, पोच घ्या, आणि चौकातल्या सीसीटीव्हीचं त्या तासाचं चित्रीकरण जपून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी वेगळ्या अर्जाने करा, कारण चित्रीकरण पुसून त्यावर नवं चढत जातं. एक प्रत दैनिकाच्या संपादकांना. दुसरी धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात श्रमिक पत्रकार संघाला द्या. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानेच वृत्तछायाचित्रकाराला पत्रकार म्हटलं होतं, तेव्हा 'फोटोवाल्यांचं इथे काय' असं कुणी म्हटलं तर हे सांगा. वृत्तस्वातंत्र्यात अडथळा आणल्याची तक्रार प्रेस कौन्सिलकडे चार महिन्यांच्या आत करता येते. पोर्टल तिच्या कक्षेत येत नाही, म्हणून दैनिकाच्या कामाचा आधार घ्या. कौन्सिल शिक्षा करत नाही, पण ती लेखी उत्तर मागवते आणि ते उत्तर नोंदीत राहतं.

घरच्यांचं म्हणणं वाईट नाही, लग्नाच्या ऑर्डरी घ्या. त्या पैशातून दुसरं मेमरी कार्ड आणि चांगलं हेल्मेट येतं, आणि दैनिकाने एखादा फोटो दाबायला सांगितला तर नाही म्हणायचं बळही. दोन्ही कामं करणारे पुष्कळ आहेत. अधिवेशनाच्या सकाळी निघताना संपादक, वकील आणि घरच्या एकाचा नंबर, तसंच मोफत विधी सेवेचा १५१००, डाव्या हातावर पक्क्या शाईच्या पेनाने लिहा. मोबाईल आधी काढून घेतला जातो.